सेतुबंधाचे अश्व

रामेश्वराची यात्रा माझ्या हातून दोनदां घडली. पहिली १९८३ सालीं, मातुःश्रींस घेऊन. दुसरी २०२४ च्या जानेवारींत, आमच्या मंडळींच्या आग्रहामुळें. पहिल्या खेपेस मी तेवीस वर्षांचा होतों. मॅट्रिकची परीक्षा व पाठशाळेंतलें थोडें संस्कृत एवढ्या शिदोरीवर नुकताच शाळामास्तर झालों होतों, आणि जगांत आपणांस न कळणारें असें फारसें कांहीं उरलें नाहीं, अशी त्या वयास शोभणारी समजूत होती. दुसऱ्या खेपेस निवृत्त होऊन पांचसहा वर्षें झालीं होतीं, गुडघे कुरकुरत होते, आणि ती समजूत कधींच गळून पडली होती.

देवालयाच्या लांबच लांब ओवऱ्या, बावीस तीर्थांचीं स्नानें, गंगोदकाचा अभिषेक, यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळदां वाचलीं असतील, व अनेकांनीं तो लाभ स्वतःहि घेतला असेल. मला आज सांगावयाचें आहे तें त्या समुद्रांतील एका वीतभरहि नसलेल्या प्राण्याविषयीं.

पहिल्या यात्रेंत अग्नितीर्थावरून परततांना वाटेंत शंखशिंपल्यांचीं दुकानें लागलीं. एका दुकानांत दोऱ्यांत ओंवून माळेसारखें कांहीं टांगलेलें दिसलें. जवळ जाऊन पाहतों तों लहान लहान घोडे! मान वांकविलेली, तोंड पुढें निमुळतें, अंगावर हाडांचीं कडीं, आणि पाय असावेत तेथें नुसती गुंडाळलेली शेपटी. वाळून काष्ठवत् झालेले. हे उगाळून दिले असतां मुलांचा खोकला जातो, असें दुकानदार खुणांनीं सांगूं लागला. मातुःश्रींनीं तोंड फिरविलें. मीं मात्र शाळेच्या विज्ञानाच्या कपाटासाठीं पांच घोडे घेतले. परत आल्यावर ते काचेच्या बरणींत ठेवून वर चिठ्ठी चिकटविली, 'समुद्रघोडा. रामेश्वर, १९८३.' (पाणघोडा म्हणावें तर तो शब्द आफ्रिकेंतल्या त्या अजस्र चतुष्पादानें आधींच अडवून ठेवला आहे.) पुढें पस्तीस वर्षें प्रत्येक इयत्तेला ती बरणी दाखवून मी प्रथम समुद्रमंथनांतून निघालेल्या उच्चैःश्रव्याची गोष्ट सांगत असें, आणि मग वडवामुखाची, म्हणजे सागराच्या तळाशीं घोडीच्या मुखांतून धगधगणाऱ्या अग्नीची. आपल्या पूर्वजांस समुद्र व अश्व यांचा संबंध कोठून सुचला असेल, असा प्रश्न टाकून मी मुलांकडे पाहीं. मुलें बरणीकडे पाहत. ते पांच घोडे तेथें आले कसे, हें मला कोणींहि विचारलें नाहीं. आणि माझ्याहि मनांत आलें नाहीं.

तें विचारणारा भेटला तो साता समुद्रांपलीकडे. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत असतो. त्याचा मुलगा दहा वर्षांचा; आमच्या घरच्या रीतीप्रमाणें मला मोठे आजोबा म्हणतो. काचेच्या पेटींत मासे पाळण्याचा त्याला नाद. २०२३ च्या दिवाळींत ओवाळणीचे व साठविलेले पैसे घालून त्यानें दुकानांतून एक जिवंत समुद्रघोडा आणला. मोबाइलवर मला दाखविलाहि. पिंगट रंगाचा, एका खोट्या रोपट्याला शेपटी गुंडाळून उभा, आणि दोन डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणें फिरविणारा. एकोणिसाव्या दिवशीं तो मेला. मुलाचा फोन आला तेव्हां आमच्याकडे सकाळ होती.

"मोठे आजोबा, मीं त्याला रोज दोनदां खायला घातलें. त्यानें एकदांहि खाल्लें नाहीं. तो माझ्यामुळें मेला का?"

मागून सूनबाईंचा आवाज आला कीं, हा दोन दिवस धड जेवलेला नाहीं, तुम्हीच कांहीं सांगा. पस्तीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत गेलीं, पण येथें जीभ अडली. "पौषांत मी रामेश्वरास जाणार आहें. हे घोडे ज्या लोकांस सांपडतात ते तेथें राहतात. त्यांना विचारून तुला सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. एवढ्या अवधींत मूल विसरेल असेंहि वाटलें. तें विसरलें नाहीं.

समुद्रावरचा १९१४ सालचा आगगाडीचा पूल डिसेंबर २०२२ पासून बंद होता. शेजारचा नवा पूल खुला झाला तो पुढें एप्रिल २०२५ मध्यें. त्यामुळें आम्हांस मुख्य भूमीवरच गाडी सोडून बसनें जावें लागलें. पहिल्या यात्रेच्या वेळीं सडकेचा पूल नव्हता, तो १९८८ त झाला. तेव्हां जुन्या पुलावर गाडी गोगलगाईसारखी सरपटूं लागतांच मातुःश्रींनीं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली होती. या वेळीं बसच्या खिडकींतून दोन्ही समुद्र एकदम दिसले. पूर्वेस जातांना डाव्या हातास पाल्कचा उपसागर, उजव्या हातास मन्नारचें आखात. एकाच पुलाच्या दोन बाजू, पण पौषांत ईशान्येचा वारा असल्यानें डावीकडचें पाणी गढूळ व खवळलेलें, आणि उजवीकडचें जणूं इस्त्री केलेलें. आषाढांत वारा नैर्ऋत्येचा झाला म्हणजे नेमकें उलट होतें, असें शेजारच्या उतारूनें सांगितलें.

पाल्कचा उपसागर हा नांवाला समुद्र, बहुतेक ठिकाणीं पंधरा मीटरांहूनहि उथळ. तळाशीं सूर्यप्रकाश पोंचत असल्यामुळें तेथें समुद्रतृणाचीं कुरणें माजलीं आहेत. हें शेवाळ नव्हे. मूळ, पान, फूल असलेलें खरेंखुरें गवत, पाण्याखालीं वाढणारें. त्यावर समुद्रगाय चरते. तिच्यासाठीं तामिळनाडू सरकारनें २०२२ सालीं या उपसागराच्या उत्तर भागांत ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखून ठेवलें. दक्षिणेकडील आखातांतल्या एकवीस बेटांचें सागरी राष्ट्रीय उद्यान त्याच्याहि पूर्वींचें, १९८६ सालचें. त्याच कुरणांत, गवताच्या पात्याला शेपटीचा वेढा देऊन, आमचा अश्व उभा असतो. पोहण्यांत तो अगदींच लेंचापेंचा. पाठीवरचा इवलासा पंख सेकंदांत तीसपस्तीस वेळां फडफडवून कसाबसा पुढें सरकतो. म्हणून धांवण्यापेक्षां घट्ट धरून राहणें हाच त्याचा बचाव. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण त्याचा सारा घात तींतच आहे.

रामेश्वरच्या देवळांतील पूजाअर्चा करणारे ब्राह्मण मूळचे महाराष्ट्रांतले. आम्ही ज्यांच्याकडे उतरलों त्या उपाध्यायांस मीं माझें काम भीतभीतच सांगितलें. यात्रेकरूनें कोळीवाड्याची वाट विचारावी हें त्यांस चमत्कारिक वाटलें असावें. पण मुलाची हकीकत ऐकून ते स्वतःच दुभाषी म्हणून निघाले, आणि उत्तर किनाऱ्यावरच्या एका वस्तींत मला घेऊन गेले. तेथें जाळें सांधीत बसलेला एक वृद्ध कोळी भेटला. वय सत्तरीचें, एका कानास ऐकूं येत नव्हतें. पूर्वीं बुडी मारून शंख काढीत असे, असें कळलें. मीं 'समुद्रघोडा' हा शब्द हातानें हवेंत काढून दाखविला. तो हंसला व म्हणाला, "कडल् कुदिरै." कुदिरै म्हणजे घोडा, कानडींतला कुदुरे तोच. आमचें शब्दशास्त्र जुळल्यावर बोलणें मोकळें झालें.

त्यानें सांगितलेलें मी जसेंच्या तसें देतों. त्याच्या लहानपणीं या प्राण्याला कोणी विचारीत नसे. जाळ्यांत आला तर पोरें खेळायला घेत. पुढें दलाल येऊं लागले. वाळवून नगावर घेत, मोठ्या घोड्याला अधिक पैसे. चीनकडे औषधाला जातात एवढें त्याला ठाऊक होतें. मग एके दिवशीं सरकारी माणसें आलीं व म्हणालीं, आजपासून हा गुन्हा. (तें वर्ष २००१. वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, वाघाच्या पंक्तीस, समुद्रघोड्यांचें सबंध कूळ घालण्यांत आलें.)

"मग आतां पकडीत नाहीं?" मीं विचारलें.

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग जाळें वर उचलून म्हणाला, "सामी, बंदी मला केली. याला कोण करणार?"

त्याचें म्हणणें असें. यांत्रिक होड्या आठवड्यांतून तीन दिवस, देशी नौका उरलेल्या दिवशीं, अशी तेथें वांटणी आहे. यांत्रिक होडीचें जाळें तळ खरवडीत जातें, तें कोळंबीसाठीं. इतर मासे चपळाईनें बाजूस होतात. हा गवताला घट्ट धरून राहतो, आणि गवतासकट येतो. वर येईपर्यंत मणभर ओझ्याखालीं त्याचा जीव गेलेला असतो. मेलेला परत समुद्रांत टाकला तर कायदा पाळला जातो, घोडा वांचत नाहीं. आणि न टाकला तर रात्रीं कोणीतरी येऊन घेऊन जातो. "जिवंत असला तर मी सोडतों," तो म्हणाला. "पोटुशी नर असला तर हातांत धरवत नाहीं. फुटेल असें वाटतें."

'पोटुशी नर' हे शब्द उपाध्यायांनीं दोनदां विचारून घेतले. आपल्या भाषांतरांत चूक होत आहे असें त्यांस वाटलें. चूक नव्हती. या जातींत मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते आणि मोकळी होते. पुढचे दोन ते चार आठवडे गर्भ वाहणें, त्यांस प्राणवायु पुरविणें आणि शेवटीं वेणा देऊन शेंदोनशें, प्रसंगीं हजारावर, पिलांस जन्म देणें, हें सगळें बापाकडे. जोडपें रोज सकाळीं एकमेकांभोंवतीं फेर धरून रंग पालटून भेट घेतें, असेंहि शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. रात्रीं हें सर्व आमच्या मंडळींस सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "चला, एका जातींत तरी रामराज्य आहे." मी विषय बदलला.

परत आल्यावर मीं या विषयावर मिळेल तें वाचलें, आणि पुतण्यानें तिकडून पाठविलें. ॲमांडा व्हिन्सेंट नांवाच्या विदुषींनीं १९९६ सालीं समुद्रघोड्यांच्या जागतिक व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला, तोंपर्यंत या प्राण्याची कोणास दादच नव्हती. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणें एकवीस देशांत मिळून दर वर्षीं सुमारें ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे सांपडतात, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्याच माशांसाठीं टाकलेल्या जाळ्यांत. म्हाताऱ्याचें जाळें व शास्त्रज्ञांचें गणित एकच बोलत होतें. वन्य जातींच्या व्यापारावरील 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराखालीं १५ मे २००४ पासून यांच्या व्यापारावर निर्बंध आले. व्यापार बंद नाहीं. पण तो जातीच्या मुळावर येत नाहीं असें निर्यात करणाऱ्या देशानें लिहून दिलें पाहिजे. दहा सेंटिमीटरांहून लहान घोडा पकडूं नये, म्हणजे मरण्यापूर्वीं त्याची एक वीण तरी होऊन जाईल, अशीहि शिफारस आहे. पण शिफारस कागदावर असते आणि मोजपट्टी जाळ्याला नसते.

आतां मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. समुद्रघोड्याला दांत नाहींत आणि जठरहि नाहीं. नळीसारख्या तोंडानें भक्ष्य ओढून घ्यावयाचें, तें आंतड्यांतून भराभर पुढें जातें. सांठवण म्हणून कांहीं नाहीं. त्यामुळें त्याला दिवसभर टिपत राहणें प्राप्त. आणि समुद्रांत वाढलेला घोडा हलतें, जिवंत तेंच खाद्य म्हणून ओळखतो. दुकानांत मिळणारी बर्फांत गोठविलेली बारीक कोळंबी त्याच्या लेखीं कचरा. पकडणारा, सांठविणारा, विमानानें नेणारा, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार, अशा पांच हातांतून उपाशी जात तो नातवाच्या पेटींत पोंचला. बरोबर अंगांत समुद्रांतले कृमि व जंतु होतेच. मीं मुलाला पत्र लिहिलें. फोन मुद्दामच केला नाहीं, कारण कागद पुन्हां वाचतां येतो. लिहिलें कीं, तो तुझ्या घरीं आला तेव्हांच मरणपंथाला लागलेला होता. तुझ्या हातून खाण्याची कसूर झाली नाहीं. मात्र विकत घेण्यापूर्वीं 'हा कोठून आला' हें तूं विचारलें नाहींस. तें मींहि विचारलें नव्हतें, आणि माझ्या बरणींत पांच आहेत.

बंदिवासांतच जन्मलेले समुद्रघोडे मिळतात, ही माहिती मला या निमित्तानें झाली. हवाई बेटावर कोना येथें १९९८ पासून अशी एक शेती चालते. व्हिएतनाम, ऑस्ट्रेलिया, श्रीलंका येथूनहि असे घोडे बाहेर जातात. आमच्या गोव्यांतहि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत पिवळ्या समुद्रघोड्याची पैदास शास्त्रज्ञांनीं करून दाखविली आहे. काम मोठें जिकिरीचें. नवें पिलूं जेमतेम सेंटिमीटरभर, आणि जन्मल्या क्षणापासून भुकेलें. त्याच्या तोंडांत मावेल असें सूक्ष्म खाद्य आधीं वाढवावें लागतें. शिवाय पिलें पृष्ठभागाशीं येऊन हवा गिळतात व तरंगून मरतात. इतकें करून जें वांचतें त्याला लहानपणापासून गोठविलेली कोळंबी खाण्याची संवय लावतात. म्हणून त्याची किंमत जास्त, आणि म्हणूनच तें घरीं जगतें. स्वस्त घोडा महाग पडतो तो असा.

पण या व्यापारांतहि शब्दच्छल आहे, आणि संस्कृताच्या विद्यार्थ्यास तो लागलीच कळावा. 'पेटींत वाढविलेला' आणि 'पेटींत जन्मलेला' यांत जमीनअस्मानाचें अंतर. कित्येकदां समुद्रांतून पोटुशी नर पकडून आणतात व त्याचीं पिलें 'घरचीं' म्हणून विकतात. कोठें समुद्रांतच जाळीचा पिंजरा बांधून त्यांत वाढवितात, म्हणजे रोगजंतु तेच. सायटीसच्या कागदावर मूळ सांगणारें एक अक्षर असतें. 'सी' म्हणजे खरोखर बंदिवासांत पैदास झालेला, 'एफ' म्हणजे जन्म बंदिवासांतला पण पैदाशीची पुरी अट न भरलेला, 'डब्ल्यू' म्हणजे सरळ रानचा. पुतण्याला मीं एवढेंच कळविलें कीं, आईबाप कोणते हें विकणाऱ्यास विचार, आणि तुझ्या डोळ्यांसमोर त्याला गोठविलेलें खाणें खाऊन दाखवूं दे. नाहीं खाल्लें तर नमस्कार करून घरीं ये.

पेटी कशी असावी हें तिकडच्या जाणत्यांनीं मुलाला शिकविलें. जोडीला निदान सवाशें लिटर पाणी, रुंदीपेक्षां उंची अधिक, उष्णमान २२ ते २४ अंश, प्रवाह मंद, शेपटी गुंडाळावयास आधार, आणि सोबतीला खाणें हिसकावणारा चपळ मासा किंवा दंश करणारें समुद्रफूल नको. प्राणी आणण्यापूर्वीं पांचसहा आठवडे रिकामी पेटी चालवून पाण्यांत उपकारक जंतु स्थिर होऊं द्यावयाचे. दहा वर्षांच्या मुलानें रिकाम्या पेटीसमोर सहा आठवडे बसणें ही तपश्चर्याच; त्यानें ती केली.

येथें पुण्यामुंबईच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत समुद्रघोडा घरीं पाळण्यासाठीं घेणें कायद्यास धरून नाहीं. दुकानदार कानांत कांहींहि सांगो. तेव्हां वरील सर्व खटाटोप परदेशस्थ मुलानातवांसाठीं. आणि तेथेंहि मनाची फसवणूक करून घेऊं नये. जगांतला बहुतेक व्यापार वाळलेल्या घोड्यांचा आहे, काचेच्या पेटींतल्यांचा नव्हे. न्यू जर्सींत शेतींतला घोडा घेतल्यानें पाल्कच्या उपसागरांतलें तळ खरवडणारें जाळें थांबत नाहीं. एक प्राणी तेवढा समुद्रांतून ओढला जात नाहीं, इतकेंच. खरें म्हणाल तर मला कोणताहि जीव काचेंत कोंडलेला पाहवत नाहीं. पण मुलाचा हात धरून त्याला प्राण्यापाशीं नेणारें दुसरें साधन तिकडे त्या आठव्या मजल्यावर कोणतें, हेंहि मला सांगतां येत नाहीं.

२०२४ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीची, शेतींत जन्मलेली एक जोडी त्यानें आणली. दुसऱ्याच दिवशीं फोन आला, "मोठे आजोबा, खाल्लें! दोघांनींहि खाल्लें!" मग मागणी आली कीं, रामेश्वरच्या त्या आजोबांना हें कळवा. त्या वृद्धाचा पत्ता मजपाशीं नव्हता. उपाध्यायांच्या मोबाइलवर मुलानें काढलेलें चलच्चित्र पाठविलें, आणि सवडीनें त्यांस दाखवा अशी विनंती केली.

तीन आठवडे कांहीं कळलें नाहीं. त्या दिवसांत मी शाळेंत जाऊन ती बरणी पाहून आलों. चिठ्ठी पिंवळी पडली आहे. घोडे आहेत तसेच आहेत. विज्ञानाच्या नव्या बाईंस मीं सर्व हकीकत सांगितली. आपण ती मुलांस सांगूं, पण वडवानलाची गोष्टहि ठेवूं, असें त्या म्हणाल्या.

मग उपाध्यायांचा निरोप आला. यांत्रिक होड्यांच्या बंदीचा दोन महिन्यांचा काळ चालू असल्यानें किनारा शांत होता, म्हातारा सांपडला. त्यानें चित्र डोळ्यांशीं धरून तीन वेळां पाहिलें, मुलाविषयीं किंवा पेटीविषयीं कांहींच विचारलें नाहीं, आणि म्हणाला, "डावीकडचा नर आहे. पोट पाहा. दहा दिवसांत पिलें टाकील."

मीं न्यू जर्सीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती.